हाक मारायचं नाव

आल्मेरेत बाजारचौकाच्या मागच्या गल्लीत, मासेवाला आणि चाव्या करून देणारा यांच्या मधे, रेमझिये आब्लाचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन शिलाई मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि पडदा लावून केलेला एक कोपरा, ज्यात उंच डच माणसं पँट घालून बघताना भिंतींवर कोपरं आपटून घ्यायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या माणसांचे कपडे उसवून वाढवणं, आणि आपण लवकरच बारीक होणार असं जे शपथेवर सांगत त्यांच्या शिलाईत माया राखून ठेवणं, असा धंदा. आब्ला म्हणजे तुर्कीत थोरली बहीण. बाईंचं वय पंचावन्न, बांधा भरलेला, आणि तोंडात कायम दोन टाचण्या. नवरा इस्मत इस्त्री करायचा आणि बोलायचा नाही.

तिच्या धंद्याची एक रीत होती. बाकीची दुकानं आडनाव विचारतात, फोन नंबर घेतात, कॉम्प्युटरमधून पावती काढतात. रेमझिये एवढंच विचारायची, "तुला हाक काय मारतात?" जे उत्तर येईल ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून ती कपड्याला टाचायची. एका सहा फुटी पोलिसाची पँट कित्येक वर्षं 'उंदीर' या नावानं शिवली जात होती, कारण त्याची आई त्याला तशी हाक मारायची. कपडे तयार झाले की रेमझिये दारात येऊन "उंदीर!" असं ओरडायची आणि पोलीस निमूट पुढे व्हायचा.

नीळकंठ पाटणकरला ही रीत मुळीच पसंत नव्हती. तो चिंचवडचा, अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका बँकेत कामाला. त्याचं काम असं, की बँकेच्या जुन्या सिस्टिममधली गिऱ्हाइकांची माहिती नव्या सिस्टिममध्ये न्यायची. जुन्या सिस्टिममध्ये एकेका माणसाच्या तीन-तीन नोंदी असतात: एकीत नुसती आद्याक्षरं, एकीत नवऱ्याचं आडनाव, एकीत काहीतरी भलतंच. नीळकंठ त्या नोंदी जुळवायचा, त्यातली एक खरी ठरवायचा आणि बाकीच्या पुसायचा. एकवीस वर्षं हेच केल्यामुळे ते त्याच्या अंगात मुरलं होतं. घरात हळदीचे दोन डबे दिसले तरी तो एकात दुसरा ओतायचा, मग त्यातली एक आंबेहळद का असेना.

फेब्रुवारी २०२० मध्ये बायकोचे ब्लाउज आणायला तो या दुकानात पहिल्यांदा गेला. "वृंदाचे ब्लाउज," तो आपल्या मोडक्या डचमध्ये म्हणाला. रेमझियेनं रॅक चाळला आणि मान हलवली. वृंदा नावाचं काही नव्हतं. नीळकंठनं मोबाइलवर बायकोचा फोटो दाखवला. "ही होय!" रेमझिये म्हणाली, आणि पिवळी चिठ्ठी टाचलेली पिशवी काढून दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मीनल.

घरी आल्यावर तो म्हणाला, "अगं, तिनं तुझी एन्ट्री मीनल म्हणून केलीय."

"मीच सांगितलं," वृंदा म्हणाली. ती पाळणाघरात कामाला होती, डच घडाघडा बोलायची, आणि त्या वेळी कांदा चिरत होती. "तिनं विचारलं हाक काय मारतात, तर माझ्या तोंडून तेच निघालं."

"पण कोणी मारतच नाही ना तशी हाक."

"नाही ना मारत," वृंदा म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

हे प्रकरण समजायला डिसेंबर १९९८ मध्ये जावं लागेल. मीनल नावाची मुलगी लग्न करून पाटणकरांकडे आली. संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालं, ताटात तांदूळ पसरले आणि गुरुजींनी नीळकंठच्या हातात अंगठी दिली. त्यानं अंगठीनं तांदळात 'वृंदा' असं लिहिलं, पेढे वाटले गेले. नाव त्याच्या आईनं ठरवलं होतं आणि त्याला कारण होतं. नीळकंठच्या सख्ख्या बहिणीचं नाव मीनल होतं, आणि एका घरात दोन मीनल म्हणजे घोटाळा. त्या मीनलचं सहा महिन्यांपूर्वीच लग्न होऊन तांदळाच्या दुसऱ्या एका ताटात तिची शलाका झालेली होती, म्हणजे घरात एकही मीनल उरलेली नव्हती, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. नव्या नवरीला कोणी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही, कारण सकाळपासून उपाशी होती आणि पेढा बरा होता.

हे सगळं वृंदानं ब्लाउजच्या मापाच्या वेळी रेमझियेला सांगितलं होतं. रेमझियेनं टाचण्या तोंडातून काढून विचारलं होतं, "सैनिक किती होते?"

"सैनिक नव्हते, आब्ला. गुरुजी होते. आणि मामी."

"मग पळाली का नाहीस?"

मग रेमझियेनं आपली हकिगत सांगितली. ती वृंदानं ब्लाउज घरी आले त्या रात्री जेवताना नीळकंठला सांगितली, आणि त्यानं ती पोळी खात अर्धवट ऐकली.

हकिगत अशी. बल्गेरिया हा देश पाचशे वर्षं तुर्कांच्या अमलाखाली होता. त्यातून सुटून शंभर वर्षं झाली तरी आठ-नऊ लाख तुर्क तिथंच राहिले होते. तंबाखू लावत होते, गिरण्यांत कामाला जात होते, घरी तुर्की बोलत होते. राष्ट्र एक, भाषा एक, माणूस एकाच साच्याचा, असं ज्यांना हवं होतं त्यांना ते खुपायला लागलं. आधी शाळांतली तुर्की गेली. मग १९८४ च्या हिवाळ्यात सरकारनं शोध लावला, की आपल्या देशात तुर्क नाहीतच. जे आहेत ते मूळचे बल्गेरियनच, फक्त त्यांना तशी आठवण राहिलेली नाही. आठवण करून द्यायला सरकारनं रणगाडे पाठवले.

रेमझियेचं गाव कर्जालीच्या डोंगरात. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, शिवणकामाच्या कारखान्यात कॉलर लावायच्या कामावर. डिसेंबरात बर्फ पडलेलं, गावाला वेढा पडलेला, आणि ग्रामकचेरीत एक टेबल मांडलेलं. टेबलावर बल्गेरियन नावांची छापील यादी. रांगेत उभं राहायचं, आपला नंबर आला की यादीतलं नाव निवडायचं आणि सही करायची. इस्मतनं निवडायला नकार दिला तेव्हा पोलिसानं त्याच्या दोन बोटांवर बंदुकीचा दस्ता मारला आणि कारकुनानं त्याच्या वतीनं नाव निवडलं: इस्क्रेन. त्याचा अर्थ प्रामाणिक. रेमझियेही गप्प उभी राहिली. कारकुनानं यादीतून 'र' पासून सुरू होणारं नाव शोधून दिलं, म्हणजे तिला जड जाऊ नये. रुम्याना. तिनं सही केली, बाहेर आली, आणि या नावाला आयुष्यात ओ द्यायची नाही असं तिनं तिथंच बर्फात उभं राहून ठरवलं.

आणि तिनं ते पाळलं. कारखान्यात हजेरीला "रुम्याना" असा पुकारा झाला की ती खाली बघून कॉलर लावत राहायची. हजेरी बुडायची. रस्त्यात तुर्की बोललं की दंड होता, म्हणून ती रस्त्यात बोलायचीच नाही. कबरस्तानात जुन्या दगडांवरची तुर्की अक्षरं सिमेंटनं लिंपली गेली. मेलेल्यांनाही नवी नावं मिळाली, ती मात्र त्यांना न विचारता, कारण त्यांना रांगेत उभं करता येत नव्हतं. १९८७ मध्ये रेमझियेची आई गेली. तिचं नाव झेहरा, पण पाटीवर लिहून आलं झोया. रेमझियेनं ती पाटी उपटली. तिसऱ्या दिवशी नवी आली.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात सरकारनं सीमा उघडली आणि तीन लाखांच्या वर माणसं गाड्यांवर गाद्या बांधून तुर्कस्तानात गेली. सरकारनं त्यांना पर्यटक म्हणून पासपोर्ट दिले होते, म्हणून या प्रकाराला 'मोठी सहल' असं नाव पडलं. रेमझिये आणि इस्मत या सहलीला जाऊन तंबूत राहून आले आणि म्हाताऱ्या सासऱ्यासाठी शरद ऋतूत परतले. मग राजवट कोसळली. नव्या सरकारनं जाहीर केलं, की ज्यांना आपलं जुनं नाव परत हवं असेल त्यांनी अर्ज करावा. इस्मतनं केला आणि पुन्हा इस्मत झाला. रेमझिये म्हणाली, "मी ते नाव कधी घेतलंच नाही, तर आता परत काय मागू? ज्यांनी लिहिलं त्यांनी पुसावं." ते पुसायला कोणी आलं नाही. पुढे दोघं हॉलंडला येऊन राहिले तरी तीस वर्षं तिच्या पासपोर्टवर रुम्याना राहिली, आणि जिथं जिथं सही लागे तिथं ती शेजाऱ्याचं पार्सल घेतल्यासारखी सही करत राहिली.

"स्ट्राँग बाई आहे," नीळकंठ म्हणाला आणि दही मागितलं.

मार्चमध्ये करोना आला. नीळकंठनं माळ्यावर टेबल टाकून बँकेचं काम सुरू केलं. रेमझियेनं पँटी बाजूला ठेवून मास्क शिवायला घेतले. रोज टीव्हीवर आकडे यायचे, आणि आकड्यांच्या मागे ट्रकमधून उतरवलेल्या शवपेट्या दिसायच्या. त्या पेट्यांवर चिकटवलेल्या कागदांकडे रेमझिये निरखून बघायची. सप्टेंबरात एक दिवस तिनं वृंदाला सांगितलं, "मी इथं मेले तर पाटीवर कागदातलं नाव लिहितील. आईसारखं. मला ते नकोय. मी अर्ज करते."

पंचावन्नाव्या वर्षी तिनं आपला हट्ट सोडला होता. तिला एवढंच हवं होतं, की मरायच्या आत कागदावर रेमझिये लिहिलं जावं. वृंदानं हे घरी सांगितलं तेव्हा नीळकंठनं पोळी खाली ठेवली. नावं, नोंदी, कागद! माळ्यावर बसून कंटाळलेल्या माणसाला याहून चांगलं काय मिळणार? "मी करून देतो," तो म्हणाला. "हे तर माझं रोजचं काम आहे."

त्यानं लागलीच एक्सेल शीट उघडलं. पासपोर्ट, खेमेंटेमधली म्हणजे नगरपालिकेतली नोंद, विमा, घरभाडं: सगळीकडे रुम्याना. फक्त हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे आणि औषधांच्या दुकानात गोंधळ होता. तिथल्या फॉर्ममध्ये डच लोकांचा एक खास रकाना असतो: रूपनाम, म्हणजे हाक मारायचं नाव. कागदावर योहानेस असलेला माणूस तिथं हान्स असतो, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. सहा वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या मुलीनं त्या रकान्यात रेमझिये लिहून ठेवलं होतं, कारण रुम्याना म्हणून पुकारलं तर ही बाई वेटिंग रूममध्ये जागची हलत नाही, हे तिला दोनदा दिसलं होतं.

नीळकंठच्या कपाळाला आठी पडली. बल्गेरियाच्या वकिलातीच्या यादीत लिहिलं होतं, की सगळ्या कागदांत अर्जदाराचं नाव सारखं असावं. काउंटर करोनामुळे बंद, तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. म्हणजे हातात वेळ होता. या धंद्यातला पहिला नियम त्याला पाठ होता: आधी साफ करा, मग हलवा. आधी सगळीकडे एकच नाव, मग ते एकच नाव एका फटक्यात बदलायचं. त्यानं इस्मतला फोन करून विचारलं, "मी सगळे कागद सारखे करून घेऊ का?" इस्मत म्हणाला, "कर." रेमझिये तेव्हा मशिनवर होती, आवाजात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. तिला वेगळं विचारावं असं नीळकंठला वाटलं नाही. नीळकंठनं तिच्या वतीनं दवाखान्याला आणि औषधवाल्याला ईमेल लिहिला: कृपया नाव पासपोर्टप्रमाणे करावं, इतर नोंदी काढाव्यात. दोन्हीकडून उत्तर आलं, बदल केला आहे. शीटमधले सगळे चौकोन हिरवे झाले. त्या दिवशी तो फार खुशीत होता, आणि जेवणानंतर त्यानं स्वतःहून भांडी घासली.

डिसेंबरात दुकानं बंद झाली. जानेवारीत आधी इस्मतला खोकला झाला, तो चार दिवसांत बरा झाला. मग रेमझियेला झाला. तिला दम लागायला लागला तेव्हा अँब्युलन्स आली. इस्मत घरात विलगीकरणात, त्यामुळे दारातच थांबला. दवाखान्यातून कागद हॉस्पिटलात गेले, साफ केलेले, एकसारखे. वॉर्डात पलंगाच्या डोक्याशी पांढरा फळा असतो, त्याच्यावर नर्सनं ठळक अक्षरांत लिहिलं: रुम्याना.

तिसऱ्या दिवशी दुपारी इस्मतचा फोन आला. वृंदा घरीच होती. तिनं फोन स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर ठेवला. इस्मत एका दमात जेवढं बोलला तेवढं तो आजवर बोलला नव्हता. डॉक्टरांचा फोन आला होता. रेमझिये प्रतिसाद देत नाही. नाव घेतलं तर डोळे उघडत नाही, हात दाब म्हटलं तर दाबत नाही, पालथी झोप म्हटलं तर झोपत नाही. शुद्ध हरपत चालली असावी. ऑक्सिजन खाली जातोय. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर तिला झोपवून व्हेंटिलेटरवर घालावं लागेल, आणि त्यातून ती उठेलच असं सांगता येत नाही. "आणि मला डच नीट कळत नाही," इस्मत म्हणाला. "मीनल, तू बोल त्यांच्याशी."

वृंदानं नंबर घेतला, फोन लावला, वॉर्डातल्या नर्सपर्यंत पोचली. नर्स दमलेली होती, पण नीट बोलत होती. "मी स्वतः पाच-सहा वेळा हाक मारली," ती म्हणाली. "मिसेस रुम्याना, रुम्याना, मोठ्यानं सुद्धा. काही नाही. भिंतीकडे तोंड करून पडल्यात."

"काय म्हणून हाक मारली?" वृंदानं विचारलं.

"रुम्याना. तेच आहे ना? रूपनाम रिकामं आहे त्यांचं."

वृंदानं वर बघितलं. नीळकंठ समोरच्या खुर्चीवर बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. हॉस्पिटलात ते नाव कोणामुळे पोचलं हे त्या घरात एकालाच ठाऊक होतं.

"मी काढलं ते," तो म्हणाला. "दवाखान्यातून. मीच काढायला लावलं."

वृंदा फोनमध्ये म्हणाली, "सिस्टर, ऐका. त्यांना रेमझिये म्हणून हाक मारा. रे-म-झि-ये. आत्ता जाऊन मारा. मी थांबते."

फोन तिकडे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, दाराचा आवाज, यंत्रांची टिकटिक. पाटणकरांच्या टेबलावर भांड्यातल्या वरणावर साय धरत होती. नीळकंठला एकदम लख्ख दिसलं, की आपण एक्सेलचे हिरवे चौकोन बघून खूश होत होतो तेव्हा नक्की काय करत होतो. त्याला भीती वाटली. साधी भीती, की ही बाई मरेल, आणि त्याच नावानं मरेल.

सहा मिनिटांनी नर्स परत आली. "उघडले डोळे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं. "हातही दाबला, जोरात. पालथं झोपायला सांगितलं तर म्हणाल्या, आधी तो फळा पुसा."

"पुसला का?"

"पुसला. मग झोपल्या."

व्हेंटिलेटर लागला नाही. सतरा दिवसांनी रेमझिये घरी आली, अकरा किलो उतरून. तापात तिला काय झालं होतं ते तिनं नंतर वृंदाला सांगितलं. ऐकू सगळं येत होतं. पण हाक ऐकू आली की समोर टेबल दिसायचं, बर्फ दिसायचं, आणि तिला वाटायचं रांग पुन्हा लागली आहे. अशा वेळी काय करायचं ते तिचं ठरलेलं होतं.

त्या रात्री मात्र, म्हणजे फोनच्या रात्री, वृंदा एवढंच म्हणाली, "सगळीकडे एकसारखं नाव. नीळू, त्या लोकांनाही हेच हवं होतं रे."

"माझा हेतू तसा नव्हता," नीळकंठ म्हणाला.

"माहितीय मला. तुझा हेतू चांगलाच असतो. लग्नातही चांगलाच होता."

फेब्रुवारीच्या अखेरीस तो शिऱ्याचा डबा घेऊन रेमझियेच्या घरी गेला. आत जायची बंदी, म्हणून तिनं खिडकी उघडली. ती आत खुर्चीत, तो बाहेर दीड मीटरवर, गोठलेल्या हिरवळीवर. त्यानं सगळं सांगितलं: ईमेल, रकाना, शीट. डच अपुरं पडलं तिथं इंग्रजी घातलं, तेही अपुरं पडलं तिथं नुसती मान खाली घातली. रेमझियेनं ऐकून घेतलं. डबा उघडून शिऱ्यातला एक बेदाणा उचलून खाल्ला.

"त्या टेबलावरचा कारकूनही चांगला माणूस होता," ती म्हणाली. "थंडी फार होती, म्हणून त्यानं मला शेगडीजवळची खुर्ची दिली होती."

रेमझियेनं खिडकी लावायच्या आधी सांगितलं, की शिऱ्यात साखर जास्त झाली आहे आणि अर्ज तूच भर, पण मला समोर बसवून भर.

त्यानं तसा भरला. मार्चमध्ये खिडकीच्या अलीकडे-पलीकडे बसून, एकेक रकाना तिला विचारून. शेवटी तिनं रुम्याना म्हणून सही केली आणि पेन इस्मतकडे असं दिलं जणू ते धुवायला टाकायचं आहे. वकिलातीची तारीख एप्रिलात मिळाली. कागद तिकडे गेले, उत्तर आलेलं नव्हतं. टीव्हीवर तिकडच्या निवडणुकांच्या सभा चालू होत्या, आणि एक तरुण पुढारी ठासून सांगत होता की देशात तुर्क असे कोणी नाहीतच. रेमझिये तो दिसला की आवाज बंद करायची, चित्र चालू ठेवायची. त्याचा कोट खांद्यात ढिला आहे, असं तिचं मत होतं.

नीळकंठनं दवाखान्यात, औषधवाल्याकडे, हॉस्पिटलात, सगळीकडे तो रकाना पुन्हा भरून घेतला. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. एका रविवारी त्यानं दवाखान्याच्या वेबसाइटवर आपल्या घरच्यांची नोंद उघडली. स्वतःच्या नावापुढे रूपनाम: नीळकंठ. वृंदाच्या नावापुढे रकाना रिकामा. तो माळ्यावरून खाली आला.

"तुझं हाक मारायचं नाव काय लिहू?"

वृंदा पालक निवडत होती. बावीस वर्षांत हा प्रश्न तिला नवऱ्यानं पहिल्यांदा विचारला होता, आणि तो विचारायला त्याला एक महामारी, एक हुकूमशाही आणि एक हॉस्पिटल लागलं होतं.

"मीनल लिही," ती म्हणाली.

त्यानं वर जाऊन लिहिलं. स्क्रीनवर आलं: बदल नोंदवला आहे. त्याला फार हलकं वाटलं. पुन्हा खाली येऊन त्यानं तिला दोनदा मीनल म्हणून बघितलं, दोन्ही वेळा त्याची जीभ अडखळली. तिला हसू आलं. सवय होईल, असं दोघांनीही ठरवलं.

मेमध्ये दुकानं उघडली. रेमझियेच्या दुकानात एका वेळी एकच गिऱ्हाईक आत घ्यायचं, म्हणून गल्लीत रांग. जमिनीवर दीड-दीड मीटरवर पिवळ्या पट्ट्या. करोनात सगळं गाव सुटलं होतं आणि सगळ्यांना पँटी वाढवून हव्या होत्या. वृंदाचे दोन ब्लाउज आदल्या आठवड्यात दिलेले होते. नीळकंठ आपली पँट घेऊन तिच्या मागच्या पट्टीवर उभा होता. ऊन छान पडलं होतं.

रेमझिये दारात आली. ब्लाउजच्या एका बाहीतून दोन हात जातील एवढी ती बारीक झाली होती, पण आवाज तोच होता. हातातल्या पिशवीची चिठ्ठी वाचून तिनं हाक मारली, "मीनल!"

रांगेत कोणी हललं नाही. वृंदा मासेवाल्याच्या पाटीवर बांगड्याचा भाव वाचत होती.

"मीनल!"

पुढची डच बाई वळून मागच्यांकडे बघायला लागली, आपल्यात मीनल कोण म्हणून. तिच्या नजरेबरोबर वृंदानंही सहज मागे बघितलं, आणि पुन्हा पाटीकडे तोंड केलं. दारात रेमझियेचा पिशवीचा हात खाली आला. पस्तीस वर्षं एका नावाला ओ न दिलेली ती बाई, वृंदाकडे बघत तशीच उभी राहिली. काय झालं आहे ते तिला तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त कळलं होतं. तिनं तिसरी हाक मारली ती हळू आवाजात, जवळपास विचारल्यासारखी.

मागे नीळकंठ आपली पट्टी ओलांडून एक पाऊल पुढे आला. आता त्यालाच काहीतरी करायला हवं होतं. मीनल म्हणून तर तीनदा हाक मारून झाली होती. बायकोनं वळून बघावं यासाठी त्याच्याजवळ एकच नाव होतं, आणि ते तांदळाच्या ताटात त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं.

"वृंदा," तो म्हणाला.

ती लगेच वळली. "काय रे?"

"तुला हाक मारतायत," नीळकंठ म्हणाला.